तुमचे प्रश्न, डॉक्टरताईंची उत्तरं : "एशियन म्हणून आधी तपासतात, म्हणजे काय?"

नमस्कार मंडळी. गेल्या तीन महिन्यांत आलेल्या पत्रांत एक गोष्ट सारखी दिसतेय, कुणाची लेक न्यू जर्सीला, कुणाचा मुलगा लेस्टरला चाललाय, कुणाची सून परदेशातली, आणि सगळ्यांना तिथल्या दवाखान्यात एकच वाक्य ऐकवलं गेलंय की तुमच्या लोकांमध्ये हे जास्त असतं. ते वाक्य मनाला लागतं, मला समजतं. म्हणून या वेळी इतर प्रश्न बाजूला ठेवून हीच पत्रं घेतली आहेत. नावं अर्थातच दिलेली नाहीत.

प्रश्न : डॉक्टरताई, सा. न. वि. वि. माझी मुलगी न्यू जर्सीला असते, लग्नाला तीन वर्षं झाली, आता पाचवा महिना लागलाय. तिथे पहिल्याच तपासणीत रक्त घेतलं आणि हिपॅटायटीस बी पॉझिटिव्ह आलं. तिला काहीसुद्धा त्रास नाही, कावीळ कधी झालेली नाही. तिथली नर्स म्हणाली की एशियन लोकांमध्ये हे कॉमन आहे. ताई, आम्ही शाकाहारी माणसं, घरात दारूचा थेंब नाही, मुलगी सरळमार्गी, मग हे आलं कुठून? जावईबापूंनी समजून घेतलं पण व्याह्यांना अजून सांगितलेलं नाही. तिची आई रात्र रात्र जागी असते. बाळाचं काय होणार? — एक वडील, सुदामानगर

उत्तर : काका, आधी बाळाचं सांगते म्हणजे काकूंना आजच्या रात्री झोप लागेल. बाळ झाल्यावर 12 तासांच्या आत त्याला दोन इंजेक्शनं देतात, एक हिपॅटायटीस बीची लस आणि दुसरं तयार अँटिबॉडीचं, ज्याला इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात. मग लसीचे पुढचे डोस वेळेवर, आणि बाळ 9 ते 12 महिन्यांचं झालं की त्याचं रक्त तपासून खात्री करायची. एवढं नीट केलं तर शंभरातली पंच्याण्णवच्या आसपास बाळं यातून सुटतात. तुमच्या मुलीच्या रक्तात व्हायरस किती आहे ते मोजतील, त्याला व्हायरल लोड म्हणतात, तो 2 लाखांच्या वर निघाला तर शेवटच्या तीन महिन्यांत टेनोफोविर नावाची गोळी सुरू करतात म्हणजे बाळाचा धोका आणखी कमी होतो. आईनं बाळाला अंगावर पाजायला काही हरकत नाही. हे सगळं होतंय कारण पाचव्या महिन्यातच कळलं. न कळता बाळंतपण झालं असतं आणि बाळाला लागण झाली असती तर ते अवघड होतं, कारण जन्माच्या वेळी लागण झालेल्या दहातल्या नऊ बाळांमध्ये हा व्हायरस कायमचा घर करतो, आणि मोठ्या माणसाला लागण झाली तर शंभरातल्या पाचांपेक्षाही कमी जणांमध्ये राहतो, बाकीचे स्वतःहून बरे होतात. हा फरक लक्षात ठेवा, तुमच्या पुढच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

आलं कुठून. काका, शाकाहाराचा, दारूचा, चारित्र्याचा याच्याशी संबंध लावू नका, आणि घरात कुणाला लावूही देऊ नका. तुमची मुलगी आज तिशीच्या आसपास असेल, म्हणजे जन्म 1990 नंतरच्या त्या पाच-सहा वर्षांतला. त्या वेळी आपल्याकडे बाळांना हिपॅटायटीस बीची लस मिळतच नव्हती म्हटलं तरी चालेल, बाहेरून यायची ती इतकी महाग होती की इंदूरात मोजक्या घरांनी घेतली असेल. 1997 ला हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनी भारतातच लस बनवली तेव्हा किंमत खाली आली, सरकारी लसीकरणात ती 2002 च्या सुमारास काही शहरांत प्रायोगिक म्हणून आली आणि सगळ्या देशात पोचायला 2011 उजाडलं. म्हणजे तुमच्या मुलीच्या अख्ख्या पिढीला हे कवच नव्हतंच.

आणि सुया. मी नव्यानं प्रॅक्टिसला लागले तेव्हा आमच्या दवाखान्यात, आणि आसपासच्या सगळ्यांच्या दवाखान्यात, स्टोव्हवर एक लांबट स्टीलचा डबा असायचा, त्यात काचेच्या सिरिंज आणि सुया पाण्यात उकळत ठेवलेल्या. सकाळी सगळं शिस्तीत चालायचं. दुपारी पेशंटची रांग जिन्यापर्यंत गेली की कंपाउंडर चिमट्यानं सिरिंज बाहेर काढायचा तेव्हा पाण्याला धड बुडबुडेसुद्धा आलेले नसायचे. सुई बोथट झाली की दगडावर घासायची, आतून चोंदली की बारीक तार घालून साफ करायची आणि पुन्हा तीच. तापाला इंजेक्शन, अशक्तपणाला इंजेक्शन, आणि सुई टोचली नाही तर पेशंटला वाटायचं डॉक्टरांनी काही केलंच नाही. मी हे कुणाला दोष द्यायला सांगत नाहीये, मी स्वतः त्याच खोलीत उभी होते. पण हा व्हायरस रक्ताच्या डोळ्याला न दिसणाऱ्या थेंबातूनसुद्धा जातो आणि शरीराबाहेर सात दिवस जिवंत राहू शकतो, तेव्हा एखाद्या लहान मुलीला तापाचं इंजेक्शन देताना तो मिळाला असेल, किंवा काकूंकडून बाळंतपणात मिळाला असेल आणि काकूंना स्वतःलाच माहीत नसेल. म्हणून काकूंचं, तुमचं आणि तुमच्या बाकीच्या मुलांचं एचबीएसएजी, म्हणजे हा आजार अंगात आहे का ते सांगणारी रक्ताची तपासणी, करून घ्या, या आठवड्यातच. काकूंचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर त्यांना "तुझ्यामुळे" हा शब्द कुणी ऐकवायचा नाही, हे तुम्ही घरातले मोठे म्हणून बघा.

आता ते एशियन. एक सांगते, अमेरिकेत प्रत्येक गरोदर बाईची ही तपासणी होते, गोऱ्यांचीही, तुमच्या मुलीला वेगळं काढलेलं नाही. पण नर्सचं वाक्यही खोटं नाही. अमेरिकेच्या लोकसंख्येत एशियन आणि पॅसिफिक बेटांवरचे लोक मिळून शंभरात सहा-सातच, पण कायमचा हिपॅटायटीस बी असलेल्यांत निम्म्याहून जास्त तेच. का, तर त्यातले बहुतेक जिथे जन्मले तिथे लस उशिरा आली. जागतिक आरोग्य संघटनेचा 2022 चा अंदाज आहे की जगात 25 कोटी 40 लाख लोकांना हा आजार आहे, चीन पहिला, आणि आपण दुसरे, जवळपास 3 कोटी. त्यातल्या बहुतेकांना ठाऊकच नाहीये, कारण लिव्हर फार सोशिक, वर्षानुवर्षं सहन करतं आणि एकदम सिरोसिस नाहीतर कॅन्सर होऊन समोर येतं.

आणि हे रक्तात किंवा वंशात असतं असं कुणाला वाटत असेल तर तैवानचं बघा. तिथे पूर्वी दहातल्या एका मुलाच्या अंगात हा व्हायरस असायचा. 1984 पासून त्यांनी आधी लागण असलेल्या आयांच्या बाळांना आणि 1986 पासून प्रत्येक बाळाला लस द्यायला सुरुवात केली आणि पुढच्या पिढीत ते प्रमाण शंभरात एकाच्याही खाली गेलं, लहान मुलांमधला लिव्हरचा कॅन्सरही घटला. माणसं तीच, खाणं तेच, आईबाप तेच.

व्याह्यांना सांगा काका. जावईबापूंनी तपासणी करून लस घेतली म्हणजे त्यांचा प्रश्न मिटला, त्यांनी अजून घेतली नसेल तर लगेच घ्यावी. एका ताटात जेवून, मिठी मारून, एकाच बाथरूमनं हे पसरत नाही, फक्त दाढीचं ब्लेड, टूथब्रश, नेलकटर वेगळं. मुलीला आत्ता औषध लागेलच असं नाही, बऱ्याच जणांना नुसतं दर सहा महिन्यांनी रक्त आणि सोनोग्राफी करत लक्ष ठेवायचं असतं. तिनं नोकरीची काळजी करू नये. न्यू जर्सीतच 2011 साली असं झालं होतं की एशियन समाजातल्या दोन विद्यार्थ्यांना हिपॅटायटीस बी आहे म्हणून मेडिकलचा प्रवेश नाकारला, तर अमेरिकेच्या न्याय खात्यानं मध्ये पडून 2013 ला तो भेदभाव ठरवला आणि त्यांना प्रवेश मिळाला. डॉक्टर व्हायला जो आजार आडवा येत नाही तो संसाराला कशाला आडवा येईल.

प्रश्न : ताई, मी 23 वर्षांचा आहे, लेस्टरला मास्टर्ससाठी चाललोय. यूकेच्या व्हिसासाठी टीबीचा एक्स-रे लागतो तो बाहेरगावी जाऊन काढला तर त्यात वरच्या बाजूला जुना डाग आहे म्हणाले, आता तीन दिवस थुंकी घेतली आणि रिपोर्टला दोन महिने लागतील म्हणतात, इनटेक जाणार बहुतेक. मी जिमला जातो, खोकला नाही काही नाही. माझ्यासोबत जर्मनीचा एक ऑनलाइन मित्र त्याच युनिव्हर्सिटीत येतोय त्याला काही विचारलंसुद्धा नाही. हा सरळ सरळ भेदभाव नाही का? — लोकमान्यनगर

उत्तर : तुझा राग मला कळतो रे, इनटेक हुकणं म्हणजे एक वर्ष आणि आईबाबांचे पैसे. पण नियम बघ काय आहे. ज्या देशात लाखामागे 40 पेक्षा जास्त टीबी आहे तिथून सहा महिन्यांपेक्षा जास्त मुक्कामाला येणाऱ्यानं एक्स-रे द्यायचा. भारताचा आकडा 2023 ला लाखामागे 195 होता, 2015 ला 237 होता म्हणजे उतरतोय पण सावकाश. इंग्लंडचा आठ-नऊच्या आसपास. नियम देशाला लावलाय, तुझ्या रंगाला नाही, उद्या लेस्टरला जन्मलेला गुजराती मुलगा इंदूरला आजीकडे महिनाभर राहून परत गेला तर त्याला हा एक्स-रे लागणार नाही.

दोन महिने लागतात ते कुणी मुद्दाम लावत नाही. टीबीचा जंतू फार सावकाश वाढतो, साधे जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात आणि याला दिवसभर लागतो, त्यामुळे कल्चरमध्ये, म्हणजे थुंकीतले जंतू वाढवून बघतात त्या तपासणीत, तो नाहीये असं छातीठोक सांगायला सहा ते आठ आठवडे वाट बघावीच लागते. युनिव्हर्सिटीला आजच मेल टाक, उशिरा रुजू व्हायची किंवा पुढच्या इनटेकची सोय बऱ्याच ठिकाणी करून देतात, मेडिकल कारण लिहून क्लिनिकचं पत्र जोड.

आता आईला एक विचार, तू लहान असताना घरात कुणाला टीबी झाला होता का, आजोबा, काका, शेजारचे कुणी. असे डाग बरेचदा तेव्हाचे असतात, शरीरानं जंतूला कोंडून ठेवलेलं असतं. जगात चार माणसांमागे एकाला कधी ना कधी ही लागण होऊन गेलेली आहे, त्यातल्या शंभरात पाच ते दहा जणांनाच आयुष्यात पुढे आजार होतो, बाकीच्यांना नाही. आणि इंग्लंडमधला टीबी बराचसा असाच आहे. तिथे पाच पेशंटमागे चार बाहेर जन्मलेले, त्यात सगळ्यात जास्त भारतात जन्मलेले, पण बहुतेकांनी तो विमानातून खोकत नेलेला नसतो, झोपलेला जंतू सोबत गेलेला असतो आणि काही वर्षांनी जागा होतो. एक्स-रेत झोपलेला जंतू बहुतेक वेळा दिसत नाही. आणि तिथे त्याला जागं व्हायला निमित्तं पुष्कळ, नवीन देश, थंडी, एका खोलीत चौघं, ब्रेड आणि नूडल्सवर दिवस काढणं, रात्रीची शिफ्ट, ऊन नाही म्हणून व्हिटॅमिन डी तळाला, आणि खोकला आला तर डॉक्टरकडे जायला वेळ नाही आणि लाज वाटते ते वेगळंच. लेस्टर हे इंग्लंडमधल्या जास्त टीबी असलेल्या शहरांपैकी एक आहे आणि तिथे आपली माणसंही खूप आहेत, हे तू जाण्याआधी माहीत असलेलं बरं.

म्हणून तिथे गेल्यावर पहिलं काम म्हणजे जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदव. आपल्यासारख्या देशांतून नुकत्याच आलेल्या 16 ते 35 वयाच्या लोकांना तिथे झोपलेल्या टीबीसाठी रक्ताची तपासणी देतात, बोलावणं आलं तर जा, टाळू नको. पॉझिटिव्ह आलं तर तीन महिन्यांच्या गोळ्या, पैसे लागत नाहीत, व्हिसा जात नाही. आणि तीन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, रात्री घाम, वजन उतरणं, मानेत गाठ, यातलं काही झालं तर डॉक्टरला स्वतःहून सांग की मी भारतातून आलोय, टीबी बघा. तिथले तरुण डॉक्टर कधी कधी वर्षात एकही टीबीचा पेशंट बघत नाहीत, आपल्याकडचा इंटर्न आठवड्यात दहा बघतो.

प्रश्न : मुलाची अमेरिकेत टीबीची स्किन टेस्ट पॉझिटिव्ह आली. पण त्याला लहानपणी टीबीची बीसीजी लस दिलेली आहे, दंडावर खूणही आहे. मग कसं? — रामबाग

उत्तर : ती बीसीजीमुळेही येऊ शकते. त्याला सांगा, रक्ताची इग्रा टेस्ट मागून घे, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. तीही पॉझिटिव्ह आली तर बीसीजीवर ढकलून विषय सोडू नका, कारण बीसीजी लहान बाळांना मेंदूच्या आणि सगळ्या अंगात पसरणाऱ्या टीबीपासून वाचवते, मोठेपणी छातीच्या टीबीपासून तिचा फारसा भरवसा नाही.

प्रश्न : ताई, माझा मुलगा कॅलिफोर्नियात आहे, त्याची बायको फिलिपिन्सची, नर्स आहे, फार गोड मुलगी आहे, फोनवर मला आई म्हणते. दिवाळीला पहिल्यांदाच इथे येतायत, महिनाभर राहणार. माझ्या जाऊबाईंनी मोबाइलवर कुठेतरी वाचलं की अमेरिकेत टीबी सगळ्यात जास्त एशियन लोकांत, त्यातही फिलिपिनो पुढे. त्या म्हणतात ती चिनी दिसणारी लोकं काहीबाही खातात आणि आजार आणतात, सासूबाईंचं वय 84 आहे तर भांडी वेगळी ठेव. मला पटत नाही पण भीतीही वाटते. — एक सासू, राजेंद्रनगर

उत्तर : भांडी वेगळी ठेवू नका. हे मी डॉक्टर म्हणून सांगतेय आणि एक बाई म्हणूनही. टीबी भांड्यातून पसरत नाही, आजारी माणसाच्या खोकल्यातून हवेत जातो, आणि तुमची सून आजारी नाहीये. शिवाय ती हॉस्पिटलात नर्स आहे, नोकरीला लागतानाच तिची टीबीची तपासणी झालेली असणार, तुमच्या-माझ्या घरात कुणाची झालीय?

जाऊबाईंनी जे वाचलं ते अर्धं वाचलं. अमेरिकेत टीबीच्या चार पेशंटमागे तीन बाहेरच्या देशात जन्मलेले असतात, देशांची यादी काढली तर सगळ्यात वर मेक्सिको, फिलिपिन्स, भारत, व्हिएतनाम, चीन अशी नावं येतात. तिसरं नाव परत वाचा म्हणावं. त्या आकड्यात जो एशियन शब्द आहे त्यात आपणही आहोत, तुमचा मुलगाही आहे. आणि जगातल्या टीबी पेशंटपैकी चारात एक भारतातला. सुनेच्या आईनं तिकडे मनिलाला बसून म्हणायला हवं की पोरी, भारतात चाललीस, सासरी महिनाभर मास्क लावून बस. ती तसं म्हणणार नाही, ती तुमच्यासाठी काहीतरी करून पाठवेल.

या एशियन शब्दाचाच घोळ आहे खरं तर. जपानी, व्हिएतनामी, नेपाळी, मराठी, सगळे एका रकान्यात. त्यात कुणी तीन पिढ्या तिथेच जन्मलेला, कुणी काल आलेला, कुणी सॉफ्टवेअरवाला मोठ्या बंगल्यात, कुणी हॉटेलच्या मागच्या खोलीत आठ जणांत झोपणारा. सगळ्यांची सरासरी काढली की ज्याला मदत हवी तो दिसत नाही आणि ज्याला काहीच नाही त्याच्यावर शिक्का बसतो. अमेरिकेत जन्मलेल्या आणि बाहेर जन्मलेल्या लोकांमधला टीबीचा फरक दहा पटींहून जास्त आहे. जन्म कुठे झाला, घर केवढं, डॉक्टरपर्यंत कधी पोचलात, यावर सगळं ठरतं. डोळे बारीक की मोठे यावर काहीच नाही.

हा शिक्का मारण्याचा प्रकार जुना आहे. 1900 साली सॅन फ्रान्सिस्कोत प्लेगनं एक चिनी माणूस दगावला तर सगळ्या चायनाटाउनला दोर लावून बंद केलं, आणि त्या हद्दीतली गोऱ्यांची घरं मात्र दोराच्या बाहेर ठेवली. चिनी आणि जपानी लोकांनी आधी लस टोचून घ्यावी, त्याशिवाय शहराबाहेर पाऊल टाकायचं नाही असा हुकूम निघाला, बाकी कुणाला तो नाही. ती लस कुठली, तर आपल्या मुंबईत हाफकिन साहेबांनी 1897 ला तयार केलेली. कोर्टानं तो हुकूमही फेटाळला आणि तो दोरही बेकायदा ठरवला, म्हटलं जंतू जात बघत नाही तर तुम्ही बघून कसं चालेल, अशाच अर्थाचं. आणि त्याच्या तीनेक वर्षं आधी मुंबई-पुण्याच्या प्लेगात आपल्या घरांत शिरून गोऱ्या सोल्जरांनी काय केलं ते मराठी माणसाला मी सांगायला नको. आपण त्या दोराच्या आतले लोक आहोत काकू, आपल्या हातात दोर शोभत नाही.

आणि नर्स आहे म्हणालात म्हणून सांगते. अमेरिकेतल्या शंभर नर्सेसमध्ये फिलिपिनो चारच्या आसपास. कोविडमध्ये ज्या नर्सेस गेल्या त्यांची मोजदाद तिथल्या नर्सेसच्या युनियननं केली तर चारांत जवळपास एक फिलिपिनो होती. का, तर आयसीयूत, वृद्धाश्रमात, जिथे सगळ्यात जास्त धोका तिथे त्याच होत्या. त्यांनी आजार आणला नाही, दुसऱ्यांचा अंगावर घेतला.

आजींचं वय 84 आहे ना, मग त्यांना फ्लूची आणि न्यूमोनियाची लस द्या, घरात येणाऱ्या कुणालाही खोकला असेल, मग ती सून असो, पोहे घेऊन येणारा भाचा असो की जाऊबाई स्वतः, दोन दिवस आजींच्या खोलीत जाऊ नये. हा नियम सगळ्यांना सारखा. सुनेला सराफ्याच्या खाऊगल्लीत घेऊन जा, भुट्ट्याचा कीस खाऊ घाला.

प्रश्न : ताई, तुमचं सदर आवडतं पण परदेशाचंच जास्त असतं. आमच्याकडे दहा वर्षं काम करणाऱ्या बाईला टीबी निघालाय. नातू दोन वर्षांचा आहे. तिला काढून टाकावं का? मनाला बरं वाटत नाही. सोसायटीतल्या बाकीच्यांनी तर लगेच बंद केलं. — वैशालीनगर

उत्तर : बरं झालं तुम्ही हे लिहिलंत, कारण वरच्या सगळ्या पत्रांत आपण म्हणतोय की परदेशात आपल्याला वेगळं काढतात, आणि इथे तेच आपल्या ओट्यापाशी घडतंय.

तिला सुट्टी द्या, पगारी. औषध सुरू होऊन साधारण दोन आठवडे झाले की बहुतेक पेशंटकडून दुसऱ्याला लागण व्हायची शक्यता फारच कमी होते, तिच्या डॉक्टरांकडून तसं विचारून घ्या आणि मग कामावर बोलवा. गोळ्या मात्र सहा महिने. दोन महिन्यांत बरं वाटायला लागतं, वजन वाढतं, आणि तिथेच माणसं गोळ्या सोडतात, तेव्हा तुम्ही रोज विचारा, घेतलीस का गं. नातवाला बालरोगतज्ज्ञाकडे दाखवा, पाच वर्षांच्या आतल्या मुलाचा असा संपर्क आला असेल तर आजार नाही याची खात्री करून प्रतिबंधक गोळ्या देतात. तुमच्यात कुणाला डायबेटीस असेल तर त्यांचीही तपासणी करा, शुगरवाल्याला टीबीचा धोका दुप्पट-तिप्पट असतो, आणि इंदूरात शुगर नसलेलं घर सापडणं कठीण.

तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात फुकट आहेत, आपलं टीबीचं एमआरटीबी हॉस्पिटल आहेच, जवळच्या संजीवनी क्लिनिकमध्येही विचारता येईल. निक्षयमध्ये, म्हणजे टीबी पेशंटच्या सरकारी नोंदणीत, तिचं नाव चढलंय का ते बघा, त्यातून उपचार चालू असेपर्यंत महिन्याला 1000 रुपयांच्या हिशेबानं पैसे खात्यात येतात, आधी 500 होते, नोव्हेंबर 2024 पासून वाढवले. खातं आधारला जोडलेलं नसेल तर पैसे अडकतात, आणि हे काम तिच्याकडून एकटीनं होत नाही, बँकेत एक खेप तुम्ही किंवा तुमच्या मुलानं सोबत घालावी.

आणि जेवण. डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांनी झारखंडमध्ये एक मोठा अभ्यास केला, 2023 ला तो छापून आला. काही टीबी पेशंटच्या घरातल्या बाकीच्या माणसांनाही दर महिन्याला माणशी 5 किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या, उरलेल्या घरांत फक्त पेशंटला रेशन दिलं. ज्या घरांत सगळ्यांना डाळ-तांदूळ मिळाले तिथे नवीन टीबी जवळपास 40 टक्क्यांनी कमी झाला. नवीन औषध नाही, नवीन मशीन नाही, डाळ-तांदूळ. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ नुसती बसून होते, कारण तीस वर्षं मी पेशंटना "चांगलं खा" असं चिठ्ठीच्या शेवटी लिहीत आले आणि ते कुठून खाणार हे विचारलं नाही.

तुमची बाई कुठे राहते ते कधी बघितलंय का? एक खोली, सहा माणसं, खिडकी असली तर शेजारच्या भिंतीवर उघडणारी. सिंगापूरसारख्या श्रीमंत देशात कोविड आला तेव्हा शहरात थोडा थोडा होता, पण बांगलादेशी आणि भारतीय मजूर जिथे एकेका खोलीत दहा-वीस जण राहायचे त्या डॉर्मिटरीत 2020 च्या शेवटापर्यंत निम्म्याच्या आसपास लोकांना लागण होऊन गेली. देश एक, व्हायरस एक, दवाखाने उत्तम, फरक फक्त खोलीचा. ती खोली तुम्ही बदलू शकत नाही हे मला माहीत आहे. पण महिन्याला पाच-सात किलो डाळ, शेंगदाणे, अंडी खात असेल तर अंडी, हे तुम्ही आणि सोसायटीतल्या अजून तीन घरांनी मिळून सहा महिने दिलं तर कुणाच्याही खिशाला जाणवणार नाही. ज्या घरांनी तिला बंद केलंय त्यांना हे पान वाचायला द्या.

तिच्या घरातल्या प्रत्येकाची तपासणी झाली पाहिजे, मुलांची आधी. तिला विचारा, मुलं किती, खोकतंय का कुणी. ती आधी नाही म्हणेल, कारण तिला वाटेल उरलेली कामंही जातील. मग तुम्ही पगार चालू ठेवलाय हे तिला समजलं की दोन दिवसांनी परत विचारा.

जाता जाता, ज्यांची मुलं बाहेर आहेत किंवा जाणार आहेत त्यांनी बरेच जणांनी एकच विचारलंय की इथून निघताना काय काय करून घ्यावं. हिपॅटायटीस बीच्या तीन टेस्ट एकदम करा, एचबीएसएजी, अँटी-एचबीएस आणि अँटी-एचबीसी, पहिल्यानं आत्ता आजार आहे का ते कळतं, दुसरीनं संरक्षण आहे का, तिसरीनं पूर्वी कधी होऊन गेला का. अमेरिकेत 2023 पासून 18 वर्षांवरच्या प्रत्येकाला आयुष्यात एकदा तरी हेच करायला सांगतात. तिन्ही निगेटिव्ह आल्या तर लसीचे तीन डोस, पहिला, महिन्यानं दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा, म्हणजे तिकीट काढायच्या आधी सुरुवात करा, बॅग भरताना नको. पहिली, म्हणजे एचबीएसएजी, पॉझिटिव्ह आली तर एमवायसारख्या सरकारी हॉस्पिटलात चौकशी करा, 2018 पासून राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटीस कार्यक्रमात तपासणी आणि औषधं फुकट आहेत. जुने एक्स-रे फेकू नका, मुलाला पुढे डाग जुना आहे हे दाखवायला तोच कामी येतो, मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि फिल्म उन्हात, ओलीत न ठेवता कपाटात सपाट ठेवा. लसींचं पिवळं पडलेलं कार्ड सापडत असेल तर त्याचीही झेरॉक्स द्या.

पुढच्या अंकासाठी गुडघेदुखीची पत्रं खूप आली आहेत, ती घेते.